फोटोशॉप अद्ययावत केले आहे. जुन्या घरगुती छायाचित्रांच्या दुरुस्तीसाठी नवी साधने वापरावीत की हीलिंग ब्रशच बरा?

कित्येक वर्षांची जुनी आवृत्ती सोडून आपण फोटोशॉपची चालू आवृत्ती घेतली आहे, घरातील जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरील घड्या, चरे आणि डाग काढायचे आहेत, आणि रिमूव्ह टूल व जनरेटिव्ह फिल हाताशी असताना हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टॅम्प यांवर वेळ घालवावा का, असे आपण विचारले आहे. जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती हेच माझे काम असल्याने उत्तर स्पष्टपणे देतो: पार्श्वभूमी नव्या साधनांवर निर्धास्त सोपवावी; चेहरा, हात आणि अंगावरचे दागिने मात्र जुन्या साधनांनी, एकेक डाग बघूनच दुरुस्त करावेत.

याचे कारण ही साधने काम कसे करतात त्यात आहे. क्लोन स्टॅम्प एका जागेचे चित्र दुसऱ्या जागी जसेच्या तसे उमटवतो. २००२ साली आलेला हीलिंग ब्रश दुसऱ्या जागेचा फक्त पोत उचलतो आणि उजळपणा व रंग दुरुस्तीच्या जागेभोवतीचा घेतो. २०१० साली आलेल्या कंटेंट-अवेअर फिलने आजूबाजूचे तुकडे शोधून जुळवण्याचे काम आपले आपण करायला सुरुवात केली. या तिघांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे जे काही भरले जाते ते त्याच छायाचित्रातले असते. २०२३ साली आलेल्या जनरेटिव्ह फिलचे तसे नाही. मूळ चित्रात नसलेली गोष्ट ते नव्याने रचते, आणि ती इतकी बेमालूम रचते की घरच्यांनाही फरक कळत नाही. रिमूव्ह टूलही त्याच वर्षी, असंख्य चित्रांवरून शिकवलेल्या संगणकीय मॉडेलच्या आधारे आले आणि पुढे २०२४ च्या अखेरीपासून त्यातही जनरेटिव्ह पद्धत चालू किंवा बंद ठेवण्याची सोय झाली. आपण ती प्रथम बंद ठेवून काम करावे, कारण ‘ऑटो’वर ठेवल्यास कोणती पद्धत वापरायची ते सॉफ्टवेअरच ठरवते.

आता चेहऱ्याकडे येतो. नऊवारीतील एखाद्या आजींचे १९४० किंवा ५० च्या दशकातले छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. कपाळावर कुंकू असते, त्याच्या आसपास किंवा हनुवटीवर गोंदणाचे बारीक ठिपके असतात, नाकात नथ असते आणि तिची तार वरच्या ओठावर आलेली असते. स्वयंचलित साधनाच्या लेखी गोंदण हा डाग असतो आणि नथीची तार हा चरा असतो. चेहऱ्यावरून सरसकट ब्रश फिरवला की गोंदण पुसले जाते, तार मधेच तुटते आणि नथीचे मोती एकमेकांत विरघळल्यासारखे दिसू लागतात. गोंदण नसलेल्या आजी नातवंडांना चटकन ओळखता येत नाहीत, आणि नेमके काय बिघडले तेही त्यांना सांगता येत नाही.

म्हणून ठिपका पुसण्याआधी तो कसला आहे हे पाहावे. चित्र शंभर टक्के आकारात आणा. पांढरा, कडा धारदार असलेला ठिपका बहुधा धूळ असतो. छपाईच्या वेळी निगेटिव्हवर असलेली, नाहीतर आपल्याच स्कॅनरच्या काचेवरची. गडद ठिपक्याच्या कडा चेहऱ्याच्या इतर तपशिलांइतक्याच मऊ असतील आणि छायाचित्राचा दाणा (फिल्मची बारीक रवाळ छटा) त्यातूनही दिसत असेल, तर ते गोंदण किंवा तीळ समजून हात लावू नये. स्टुडिओत काढलेल्या छायाचित्रांत आणखी एक गंमत असते. पूर्वी निगेटिव्हवरच पेन्सिलीने बारीक काम करून सुरकुत्या फिक्या करीत असत, त्यामुळे गालावर हलकी बुट्टेदार छटा दिसते. तोही त्या काळचा कारागिरीचा भाग आहे. मी तो तसाच ठेवतो.

चेहऱ्यावरून गेलेल्या घडीसाठी जुने साधनच का सोयीचे पडते, तेही सांगतो. घडीची रेघ बहुतेक वेळा पांढरी असते. नव्या रिकाम्या लेअरचा (मूळ चित्रावरच्या पारदर्शक थराचा) मोड ‘डार्कन’ ठेवून त्यावर क्लोन स्टॅम्प वापरला, तर नमुन्याहून उजळ असलेल्या जागाच बदलतात आणि रेघेलगतच्या पापण्या किंवा केसांची गडद टोके शाबूत राहतात. उरलेला पोत हीलिंग ब्रशने सारखा करावा. केसांच्या कडेजवळ हीलिंग ब्रश काळपट डाग पाडतो, कारण तो शेजारचा गडदपणाही हिशेबात घेतो. यावर उपाय म्हणजे आधी त्वचेपुरती निवड करून घेणे. या ब्रशमधील ‘डिफ्यूजन’ हा आकडा (भरलेला भाग भोवतालाशी कसा मिसळावा ते ठरवणारा) दाणेदार जुन्या छपाईसाठी कमी ठेवावा.

पार्श्वभूमीत मात्र नव्या साधनांचे मनापासून कौतुक करावे असे काम आहे. स्टुडिओचा रंगवलेला पडदा, भिंत, अंगण, आकाश यांवरील चरे आणि बुरशीचे डाग काढायला पूर्वी संध्याकाळच्या संध्याकाळ जात असे. रिमूव्ह टूल ते चटकन आणि नीटसपणे करते. ‘सॅम्पल ऑल लेअर्स’ (सर्व थरांतून नमुना घेण्याचा पर्याय) चालू करून वेगळ्या लेअरवर काम केले, तर मूळ स्कॅनला धक्का लागत नाही. त्या वेळी वर कर्व्ह्ज किंवा लेव्हल्सचे ॲडजस्टमेंट लेअर (खालच्या चित्राचा उजळ-गडदपणा बदलणारे थर) असतील तर तात्पुरते बंद करा, नाहीतर दुरुस्त केलेल्या जागेवर तो परिणाम दोनदा बसून ठिगळ दिसते.

कोपराच फाटून गेला असेल, तर तेवढ्यापुरते जनरेटिव्ह फिल वापरायला माझी हरकत नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्या. हे काम आपल्या संगणकावर न होता सर्व्हरवर होते, म्हणजे इंटरनेट लागते आणि वर्गणीतील क्रेडिट खर्च होतात. दुसरी अडचण बारकाव्याची आहे. सहा बाय चार इंचांचे छायाचित्र ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केल्यास ३६०० बाय २४०० पिक्सेल होतात. पहिल्या आवृत्तीत जनरेटिव्ह फिलची मजल सुमारे १०२४ पिक्सेलपर्यंतच होती आणि त्याहून मोठी निवड केली की भरलेला भाग ताणलेला, गुळगुळीत दिसे. आजही लहान लहान निवडी करून भरणे आणि शेवटी कॅमेरा रॉ फिल्टरमधून त्या भागाला थोडा ‘ग्रेन’ (दाणा) देणे शहाणपणाचे ठरते.

न्यूरल फिल्टर्समधील (कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या फिल्टरांमधील) ‘फोटो रिस्टोरेशन’ आपल्याला फार मोहात पाडेल. त्यातील चरे कमी करण्याचा स्लायडर बेताने वापरून निकाल नव्या लेअरवर घ्या आणि मास्कने (लेअरचा नको तो भाग झाकण्याच्या सोयीने) चेहरा वगळा. चेहरा सुधारणारा स्लायडर मात्र शून्यावर ठेवा. पुसट डोळे त्यात रेखीव होतात खरे, पण ते कुणाचेही डोळे असतात.

डोळा किंवा अर्धा चेहराच फाटून गेला असेल, तर तो भाग नव्याने रचून घेण्यापेक्षा त्याच व्यक्तीचे दुसरे छायाचित्र नातेवाइकांकडे शोधा. एखाद्या लग्नाच्या गटछायाचित्रात तोच चेहरा साधारण त्याच कोनातून सापडतो. तेवढा भाग उचलून ट्रान्सफॉर्मने (आकार व कोन बदलण्याच्या सोयीने) बसवता येतो आणि छटा कर्व्ह्जने जुळवता येते. असे दुसरे छायाचित्र मिळालेच नाही, तर भोवतालचा भाग स्वच्छ करून फाटलेली जागा मी तशीच सोडतो आणि ग्राहकालाही तेच सुचवतो.