चित्रवही, ओली हवा आणि आठवड्याचा विषय

दर आठवड्याला एक विषय घ्यायचा आणि रंग, कागदाचे कपटे, दोरा, अक्षरं असं जे जवळ असेल ते वहीच्या एका पानावर एकत्र आणायचं, अशी मिश्र माध्यमाची चित्रवही ठेवणाऱ्या कोकणातल्या वाचकांचे हे प्रश्न.

आठवड्याचे विषय 'स्वातंत्र्य', 'आठवण', 'अंतर्मन' असे असतात. पान पुढ्यात घेऊन बसते आणि काहीच सुचत नाही. माझी कल्पनाशक्ती कमी पडते का? (देवगड)

नाही, विषय कमी पडतो. 'स्वातंत्र्य' म्हटलं की उडणारा पक्षी आणि तुटलेली साखळी डोळ्यांपुढे येते. ती चित्रं आपण इतक्यांदा पाहिलेली असतात की ती पुन्हा काढावीशी वाटत नाहीत आणि दुसरं काही सुचू देत नाहीत. विषय वाचल्यावर माणूस जागचा उठून काहीतरी शोधायला लागला पाहिजे. 'आठवण' खोडा आणि 'माळ्यावरचा डबा' लिहा. 'अंतर्मन' खोडा आणि 'आज न बोललेलं वाक्य' लिहा. सोबत साहित्याचं एक बंधन घाला: दोनच रंग, किंवा ब्रश वर्ज्य, किंवा फक्त फाडलेला कागद, कात्री नाही. बंधन असलं की निवडायचं ओझं हलकं होतं आणि हात लवकर सुरू होतो.

तुम्ही समुद्राकाठी राहता, तर हा विषय घेऊन पाहा. आठवडाभर रोज ठरावीक वेळी एकाच खडकाजवळ जायचं आणि पाणी कुठवर आलंय तेवढी एकच रेघ पानावर घ्यायची. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे घड्याळाची वेळ तीच ठेवली तरी रेघ सरकत राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. आठवडा उधाणापासून सुरू केलात तर फरक चांगला दिसेल. एक रेघ पेन्सिलीची, एक दोऱ्याची, एक फाटक्या कागदाच्या कडेची, एक मेणाची. सात दिवसांनी पान आपोआप भरलेलं असतं आणि 'सुचणं' या गोष्टीची गरजच पडलेली नसते.

दुसरा विषय कशेळीच्या सड्यावरून, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावरून घेतलेला. तिथल्या कातळशिल्पात एक भलामोठा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत कितीतरी लहान प्राणी आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही रचना तिथे होती. तुम्हीही एका मोठ्या प्राण्याची नुसती कड काढा आणि आठवड्यातल्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी तिच्या आत ठेवा. गेसोचा (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) जाड थर ओला असतानाच ब्रशच्या मागच्या टोकानं रेघ ओढली तर कोरल्यासारखी उमटते. मूळ शिल्पावर मात्र खडू फिरवणं किंवा कागद ठेवून पेन्सिल घासणं कृपा करून करू नका. पाहायचं, वहीत टिपायचं आणि चपला बाजूला काढून चालायचं.

पावसाळ्यात पानं सुकत नाहीत, एकमेकांना चिकटतात, वर पांढरट बुरशी येते. वही जूनमध्ये बंद करून दसऱ्याला उघडावी का? (चिपळूण)

बंद वहीलाच बुरशी आधी धरते, तेव्हा ते अजिबात करू नका. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी वाढू लागते, आणि आपल्याकडे पावसाचे चार महिने ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. वही वापरात राहिली, रोज उघडली, पानं उलटली की वारा लागतो. रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नारंगी दाणे घ्या. ओल शोषून ते हिरवट पडले की जुन्या, स्वयंपाकातून बाद झालेल्या कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा नारंगी होतात. निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्ट असतं. आणि डब्यात जाण्याआधी वही कोरडी हवी, नाहीतर ओल आतच कोंडून ठेवल्यासारखं होतं.

पानं चिकटतात ती बहुधा ॲक्रिलिकमुळे. हा रंग बोटाला अर्ध्या तासात सुकल्यासारखा लागतो, पण त्याचा थर दमट उकाड्यात कितीतरी दिवस मऊ राहतो आणि समोरासमोरचे दोन थर दाबले गेले की एकजीव होऊ पाहतात. दोन पानांमध्ये बेकिंगचा बटर पेपर घाला. थर पातळ द्या. वहीवर जड पुस्तकं ठेवू नका. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत: वही प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, थंडीनं ॲक्रिलिक कडक होतं, मग जाड कार्डाची कड आत सारत सावकाश सोडवा. आलेली बुरशी ओल्या फडक्यानं पुसली तर पसरते. घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या मऊ ब्रशनं झटका आणि ऊन मिळेल तेव्हा पान थोडा वेळ उन्हात धरा.

चिकटवायला कणकेची खळ वापरत असाल तर ती उन्हाळ्यापुरतीच ठेवा. पावसात तिला बुरशीही येते आणि कसरही लागते. फेव्हिकॉल चालेल, पण पातळ हातानं. जास्त झाला की कागदाला सुरकुत्या पडतात.

कोकम, हळद आणि अंगणातली तांबडी माती यांचे रंग वहीत टिकतात का? (रत्नागिरी)

माती टिकते. जांभा दगडाचा आणि त्याच्या मातीचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा, आणि त्याला उन्हाची भीती नाही. माती कुटून कपड्यातून चाळा, पाण्यात ढवळा, खडे खाली बसू द्या आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. त्यातून जो गाळ बसतो तोच तुमचा रंग. तो सुकवून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटा, लवंगतेलाचा एखादा थेंब टाका म्हणजे बुरशी दूर राहील. पाण्यानं न उठणारा रंग हवा असेल तर डिंकाऐवजी ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंग न घातलेलं ॲक्रिलिक. दापोलीची माती, राजापूरची माती, सड्यावरची, परसातली, प्रत्येक ठिकाणची चिमूट वेगळ्या चौकोनात लावून बघा, हा स्वतंत्र आठवड्याचा विषय होईल. बाजारातल्या कुठल्याही ट्यूबपेक्षा मला हा रंग प्रिय आहे.

कोकम आणि हळद उडतात, आणि ते माहीत असूनच वापरायचे. कोकमाच्या रसावर चिमूटभर खायचा सोडा टाकला की लाल रंग निळसर-हिरवट होतो. हळदीवर चुना लावला की ती लाल होते. पानावर हे घडताना बघणं हेच त्यांचं देणं. मिटलेल्या वहीत उजेड पोचत नाही, तेव्हा भिंतीवरच्या चित्रापेक्षा ते जास्त काळ राहतील. रस ताज्या फळाच्या सालीचा घ्या. आमसुलात मीठ असतं आणि सरबताच्या साखरेवर मुंग्या येतात. काजूच्या बीचं तेल मात्र मुलांच्या हातात देऊ नका, कातडीवर फोड येतात.

शिंपले, वाळू, माशांचे खवले पानावर लावू का? (मालवण)

वाळू चालेल, पण गोड्या पाण्यात चार-पाचदा धुऊन. तिच्यातलं मीठ हवेतली ओल खेचत राहतं आणि पान कधीच कोरडं होत नाही. जाड शिंपल्यानं वही मिटत नाही. त्याच्यावर पातळ कागद ठेवून खडू घासा आणि तो ठसा लावा. पोवळी, समुद्री पंखे, समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, काही शंखांनाही. किनाऱ्यावर मेलेले सापडले तरी उचलू नका.

खवल्यांना वास राहतो. त्यापेक्षा अख्ख्या माशाचा ठसा घ्या. जपानी लोक याला गियोताकू म्हणतात. पकडलेल्या माशाची नोंद ठेवायला तिकडचे मासे धरणारे तो घेत. तांबोशीसारखा मोठ्या खवल्यांचा मासा निवडा, मिठानं चोळून बुळबुळीतपणा काढा, टिपून कोरडा करा, शाई लावा आणि पातळ कागद अंगासरशी दाबा. बांगड्याचे खवले बारीक, ठसा फिका येतो.

चित्रकथी आणि गंजिफा यांच्या आकृत्या वहीत उतरवणं म्हणजे चोरी का? (सावंतवाडी)

शिकण्यासाठी उतरवलंत, कोपऱ्यात 'पिंगुळीच्या चित्रकथीवरून' असं लिहिलंत, तर ती चोरी नाही. तेच विकायला काढलंत तर आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजानं चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायची ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गाव तुमच्यापासून जवळ आहे, आधी जाऊन मूळ चित्रं पाहा. मग आकृती सोडा आणि पद्धत घ्या. चित्रकथीत एका कागदावर कथेतला एक प्रसंग असतो आणि गाणारा पुढचं चित्र उचलतो तेव्हा गोष्ट पुढे सरकते. आपल्या घरातला एखादा प्रसंग असा पाच पानांत मांडता येईल? गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफाच्या १२० गोल पानांत १० अवतारांचे १२-१२ पत्ते असतात. आठवडाभर फक्त वाटीएवढ्या वर्तुळात काम करायचं, असं बंधन तिथून मिळतं.

वही कोणती घ्यावी? महागडी परवडत नाही. (अलिबाग)

२०० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) पुढचा कागद पाणी सोसतो, ३०० असेल तर उत्तम. नाहीतर शाळेची चित्रकलेची वही घ्या, दोन-दोन पानं एकमेकांना चिकटवा आणि वर गेसोचा हात द्या. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतोच, ते आवडत नसेल तर झेरॉक्स काढून लावा. एसटीची मशीनमधून आलेली तिकिटं तर वर्ष-दोन वर्षांत कोरी होतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढा.

गणपतीत तीन आठवडे राहून गेले. आधी ते विषय पुरे करू की पुढे जाऊ? (गुहागर)

पुढे जा. मागचे विषय साठवून ठेवले की वहीची भीती बसते आणि ती हळूहळू कपाटात जाते. सणाच्या घाईत चित्र काढणं होत नसेल तर नुसतं गोळा करा: माटवीचा (गणपतीवर टांगतात त्या चौकटीचा) तेरडा, आरतीचा कागद, उदबत्तीच्या खोक्याची चांदी. फुलं वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि तो कागद रोज बदला, कारण भाद्रपदातल्या हवेत न बदललेल्या कागदात ती दोन दिवसांत काळी पडतात.