'निरंक'च्या खाली माझीच सही होती

ताई, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष म्हणून तुम्ही लिहिलेली पोस्ट दोनदा वाचली. चौथीतल्या पोराच्या हाती प्रोसिडिंग बुक (समितीच्या सभेत काय ठरलं ते लिहायचं रजिस्टर) घरी येतं, पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी तुम्ही सही करता, ते परत जातं. कमी ऐकू येणाऱ्या तुमच्या मुलाला विशेष शिक्षक का येत नाहीत असं मुख्याध्यापक बाईंना विचारलं की 'निधीच नाही' हे उत्तर. काही वर्षांपूर्वी मी याच जागी होतो. फरक इतकाच की आमच्याकडे रजिस्टर घरी येत नव्हतं. मीच शाळेत जाऊन कोऱ्या पानावर सह्या करून यायचो.

समितीत ७५ टक्के पालक, निम्म्या महिला, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव, हे सगळं अध्यक्ष म्हणून तुम्हाला माहीत असणारच. त्यात वेळ घालवत नाही.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. एक पाय जन्मापासून कमजोर. आमची वस्ती शाळेपासून दीड किलोमीटर, मधे ओढा. ऑगस्ट २०२२ मध्ये मला बिनविरोध अध्यक्ष केलं. बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिल्याच सभेत मी दोन गोष्टी बोललो: मुलीला मदतनीस भत्ता (शाळेत ने-आण करणाऱ्यासाठीचे पैसे) मिळावा आणि संडासात धरायला दांडा बसवावा. मुख्याध्यापक सर म्हणाले, "टाकतो ठरावात." सोयाबीन काढणीला आलेलं, मजूर मिळत नव्हते, पुन्हापुन्हा येणं जमणार नाही म्हणून मी त्याच दिवशी पुढच्या पाच सभांच्या सह्या करून मोकळा झालो. सर मागत नव्हते, मीच म्हटलं द्या इकडे.

फेब्रुवारी आला तरी भत्त्याचा पत्ता नाही. सरांना विचारलं तर म्हणाले वरून आलं नाही. म्हणून तालुक्याच्या ऑफिसात गेलो. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला टेबल बदललेलं. तिसऱ्या खेपेला 'अर्ज केला होता का' म्हणून विचारलं. केला होता, पण पोच घेतली नव्हती आणि आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या रजिस्टरमध्ये, त्याची नोंद नव्हती. चौथ्या खेपेला एका क्लार्कनं कंटाळून फाइल काढली. आमच्या शाळेचा माहितीचा तक्ता होता. 'विशेष गरजा असणारी बालके' या रकान्यात लिहिलं होतं: निरंक, म्हणजे एकही नाही. सोबत समितीच्या ठरावाची नक्कल, 'सदर माहिती समितीने तपासली व ती बरोबर आहे', आणि खाली माझी सही. तो माणूस शांतपणे म्हणाला, "अध्यक्ष, मुलगी तुमची, सहीपण तुमची. आम्ही काय करायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

तर 'निधी नाही' याचा खरा अर्थ असा आहे. तो बहुतेक वेळा खोटा नसतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा पैसा वर्षाच्या मधे मागितला म्हणून येत नाही. शाळेनं यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) भरलेली मुलांची संख्या केंद्रावरून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाकडून, तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग राज्याला जाते. त्यावर वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक बनतं, केंद्र सरकारकडून मंजूर होतं, आणि १ एप्रिलपासूनचं वर्ष त्यावर चालतं. जे मूल त्या आकड्यात नाही, त्याच्यापुरता निधी खरोखरच नसतो. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, दिव्यांग मुलींचा महिना २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता (१० महिने), श्रवणयंत्रासाठी तपासणी शिबिराची यादी, विशेष शिक्षकाच्या भेटी, सगळं त्या एका रकान्यावर लटकलेलं. माझ्या मुलीचं अख्खं वर्ष त्या 'निरंक'नं खाल्लं. रोज सकाळी मोटारसायकल, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की खांद्यावर.

म्हणून तुम्ही सगळ्यात आधी शाळेत जाऊन यू-डायसमध्ये मुलाची नोंद दिव्यांग म्हणून आहे का, आणि प्रकार श्रवणदोषच लिहिलाय का, हे स्क्रीनवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'भरलंय हो' यावर विश्वास नको. बाकीचं त्यानंतर.

दुसरं, प्रोसिडिंग. सही सभेत, लिहिलेलं वाचून झाल्यावरच. शेवटच्या ओळीच्या लगेच खाली सही करा आणि मधे जागा उरली तर तिथं तिरकी रेघ मारा. मोबाइलमध्ये पानाचा फोटो घ्या. वाईट दिसतं, मला माहीत आहे. पहिल्या वेळी मी फोटो काढला तेव्हा सरांचा चेहरा पडला होता. दुसऱ्या सभेपासून सर स्वतःच फोटो ग्रुपवर टाकायला लागले.

आता एक गोष्ट, जी पोस्टखालच्या बाकी उत्तरांना पटणार नाही. सगळे तुम्हाला थेट माहिती अधिकार टाका म्हणताहेत. माझ्या मते आत्ता नको. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत, हे ठीक, पण तो अर्ज फिरून शेवटी तुमच्याच बाईंच्या टेबलावर येणार. आणि ज्या रजिस्टरची नक्कल मागायची ते समितीचंच आहे, तुम्ही अध्यक्ष आहात, शाळेत बसून वाचा. माझे सर चोर नव्हते. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, आणि व्हॉट्सॲपवर रोज 'आजच्या आज माहिती सादर करावी'. त्यांनी मागच्या वर्षीचा तक्ता काढला, तारीख बदलली आणि पाठवला. माझा राग त्यांच्यावर कमी आणि त्या ऑफिसावर जास्त आहे. तिथं दर महिन्याला शाळेला भेट दिल्याचे अहवाल जमा होत होते, आणि एकाही अहवालात वर्गात भिंत धरून चालणारी मुलगी कुणाला दिसली नव्हती. असो.

लेखी मागणी मात्र कराच. दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. क्रमांक मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. तरी हललं नाही तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ आहे: स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार, तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. मी वकील नाही आणि मला तिथवर जावं लागलं नाही. दुसऱ्या अर्जात कलमाचा आकडा लिहिला एवढ्यावर टेबल हललं.

शाळा विकास आराखडाही बघा. तीन वर्षांचा असतो, वर्षवार तुकडे करून. आमच्याकडे तो होता, पण त्यात कुंपण, रंगरंगोटी आणि कमान. मुलं कुठेच नाहीत. शाळेच्या खर्चासाठीचं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर मिळतं. माझ्या वेळी ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार होतं, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. दर बदलतात, चालू वर्षाचं पत्र केंद्रप्रमुखांकडे मागा. संडासातला दांडा आम्ही त्या स्वच्छतेच्या पैशातूनच बसवला. लोखंडी पाइप आणि वेल्डिंग, अर्ध्या दिवसाचं काम. ज्यासाठी मी सात महिने वाट बघितली ते.

रॅम्पचा विषय तुमच्याकडे नाही, पण कुणी दुसरं वाचत असेल तर: एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. आमच्या शाळेचा रॅम्प मुलांना घसरगुंडी म्हणून फार आवडतो. कागदावर मात्र शाळा 'अडथळामुक्त' आहे.

तुम्ही विचारलंय की बाईंशी संबंध बिघडतील का. थोडे दिवस बिघडतील. माझ्या मुलीला वर्गात कुणी काही बोलेल का ही भीती मलाही होती, तसं झालं नाही. प्रत्येक शाळेचं सांगता येणार नाही. एकट्यानं जाऊ नका, समितीतल्या दोन आया सोबत घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात आणि समितीत त्यांच्या पालकांना प्रतिनिधित्व द्यावं लागतं, तेव्हा गावात असं दुसरं कुटुंब असेल तर पुढच्या निवडीत त्यांनाही आणा. समिती दोन वर्षांची असते, तुमच्यानंतर कुणीतरी विचारणारं हवं.

आमचं काम पुढच्या वर्षी झालं, पण भत्ता तरीही दोन महिने अडकला. आधारवर मुलीचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर वेलांटीचा फरक, आणि बँकेत तिसरंच. तुमच्या मुलाचं आधार, बँक पासबुक, दिव्यांगत्वाचं ओळखपत्र आणि शाळेचं रजिस्टर याच आठवड्यात शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. चूक निघाली तर आधी शाळेच्या रजिस्टरमधलं स्पेलिंग बघा. आमच्याकडे तिथंच चुकलं होतं, आणि मी उगाच तीनदा आधार केंद्रावर रांगेत उभा राहिलो.