जपानीतले 'पान' आणि आपले 'पान' एकच आहे का?

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ असल्याने हा प्रश्न वरचेवर निघतो. जपानीत 'पान' म्हणजे पाव, तर त्याचा आपल्या पानाशी संबंध असेल का? संबंध नाही. आपले पान संस्कृत 'पर्ण' शब्दावरून प्राकृत 'पण्ण' या रूपातून आले असून झाडाचे पान, विड्याचे पान, वहीचे पान आणि पंगतीत मांडले जाणारे पान हे सारे त्याच एका अर्थाचे विस्तार आहेत. 'मद्यपान' यातले पान मात्र 'पा', म्हणजे पिणे, या धातूपासून झालेला वेगळाच शब्द आहे.

१५४३ मध्ये पोर्तुगीज जपानला पोहोचले आणि त्यांच्या भाषेतला पावाचा शब्द तिथे 'पान' म्हणून रुजला. मला सर्वांत सुंदर वाटते ते हे, की तोच पोर्तुगीज शब्द आपल्याकडे 'पाव' झाला; म्हणजे जपानी पानाचे सख्खे भावंड आपले पान नसून वडापावातला पाव आहे. मंडईत आपण पाव किलो भेंडी घेतो तो पाव पुन्हा निराळा, कारण तो संस्कृत 'पाद', म्हणजे चौथा हिस्सा, यावरून आला आहे. पोलिश भाषेतही 'पान' आहे, पण तिथे त्याचा अर्थ 'महाशय' असा होतो.