ऑफिसातल्या मेल सर्व्हरवरून पाठवलेले मेल जीमेलवर स्पॅममध्ये जातात, काय करावं?

तुमचं बियाण्यांचं ऑफिस जालन्यात, सर्व्हर तिथंच, एसपीएफ (डोमेनचं मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतं त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लावलेलं. तरी विक्रेत्यांना धाडलेलं दरपत्रक स्पॅममध्ये पडतं आणि काही मेल परत येतात. मी वाळूजला दोन-तीन कारखान्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो, त्यावरून सांगतो: घोळ आयपीचा, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचा असणार.

साधं ब्रॉडबँड असेल तर तो आयपी बहुधा स्पॅमहाउस या स्पॅम रोखणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत असतो. तुम्ही काही गुन्हा केला असा त्याचा अर्थ नाही. या पत्त्यावरून थेट मेल निघणं अपेक्षित नाही, एवढंच ती यादी सांगते. पण समोरचा सर्व्हर दार लावतोच. स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेतला तरी पीटीआर रेकॉर्ड लागतो: आयपीवरून नाव शोधलं की तुमच्या मेल सर्व्हरचं नाव यावं, त्या नावावरून परत तोच आयपी. हा रेकॉर्ड डोमेनच्या पॅनलमधून होत नाही, आयपी ज्याचा त्या इंटरनेट कंपनीनंच लावायचा. कस्टमर केअरला हे समजावता समजावता दुपार होते आणि उत्तर मिळतं, ‘मोडेम बंद करून चालू करा.’

म्हणून जाणारं मेल मी ऑफिसातून सोडतच नाही. छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्यानं घ्या. पोर्ट २५ (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) उघडं मिळेल का आणि पीटीआर लावता येईल का, हे पैसे भरण्याआधी विचारा. मिळालेला आयपी काळ्या यादीत नाही ना, तेही बघा. मग पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधला रिलेहोस्ट (जाणारं मेल ज्याच्याकडं सोपवायचं तो सर्व्हर) तिकडं वळवा आणि नवा आयपी एसपीएफमध्ये घाला. मेलबॉक्स जालन्यातच राहू द्या. लाईट गेली तरी येणारं मेल सहसा बुडत नाही. पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा खटपट करतात.

आता स्वतःच्या जीमेलवर एक मेल टाका आणि तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (‘फ्रॉम’मधलं डोमेन या दोन्हींतल्या एकाशी तरी जुळतं का ही तपासणी) तिन्हींपुढं ‘पास’ हवं. पहिली दोन पास आणि डीमार्क नापास दिसलं, तर ‘फ्रॉम’मधलं डोमेन त्या दोन्हींतल्या एकाही डोमेनशी जुळत नाहीये.

खरिपाच्या तोंडावर सगळ्या विक्रेत्यांना एकाच सकाळी दर पाठवू नका. नव्या आयपीवरून हळूहळू वाढवा. दुकान बंद केलेल्यांचे पत्ते काढून टाका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं नियम कडक केलेत: स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत, म्हणजे हजारात तिघांनी ‘स्पॅम’ दाबलं की गडबड.

जीमेलवरून परत आलेल्या मेलात ५५० या नकाराच्या कोडच्या पुढचा आकडा बघा. ५.७.२५ असेल तर पीटीआर नाही किंवा जुळत नाही, ५.७.२६ असेल तर एसपीएफ-डीकेआयएम पुन्हा तपासा. दुसरंच काही असेल तर तो पूर्ण मजकूर इथं टाका, बघतो.