वाचकांचे प्रश्न : समुद्राकाठची पायवाट आणि वाटेवरचा चहा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही साठी ओलांडलेले असून नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही इंग्लंडला मुलीकडे जाणार आहोत. कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावरील मॉर्वेनस्टो या गावी जुन्या शेतघराच्या बागेत चहा मिळतो, तेथे समुद्राकाठच्या पायवाटेने चालत जावे, असा तिचा बेत आहे. सकाळी ‘हार्टलँड की’ या ठिकाणाहून निघून दुपारी चहा घ्यायचा आणि संध्याकाळी ब्यूडला पोहोचायचे, असे ती म्हणते. गोदापार्कमध्ये रोज तासभर चालण्याची आम्हांला सवय आहे. एवढ्यावर हे जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चहाला अवश्य जावे, पण ‘हार्टलँड की’ ते ब्यूड हा संपूर्ण टप्पा आपण एका दिवसात चालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सॉमरसेटमधील माइनहेडपासून डॉर्सेटमधील पूल बंदरापर्यंत ६३० मैल, म्हणजे सुमारे १,०१४ किलोमीटर जाणाऱ्या ‘साउथ वेस्ट कोस्ट पाथ’ या पायवाटेचा हा भाग असून तिच्या सर्वांत कठीण टप्प्यांत त्याची गणना होते. अंतर सुमारे १५ मैलांचे आहे, परंतु खरी अडचण अंतराची नाही. समुद्राला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याने कड्यात खोल घळ कोरलेली आहे, त्यामुळे वाट जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरते आणि पलीकडच्या अंगाने पुन्हा तेवढीच चढते, आणि हे दिवसभरात अनेकदा घडते. गोदाकाठच्या सपाट रस्त्यावरील सरावाने दम टिकतो, मात्र उतारावर गुडघ्यांना जो ताण सोसावा लागतो त्याची तयारी होत नाही. जाण्यापूर्वीचे काही आठवडे पहाटे ऊन चढण्याआधी पांडवलेणीच्या पायऱ्या चढाव्यात आणि विशेषतः उतरताना गुडघे काय सांगतात याकडे लक्ष द्यावे.

आपल्यासाठी सोयीचा मार्ग असा की, मोटारीने थेट मॉर्वेनस्टोच्या चर्चपर्यंत जावे, तेथून शेतांमधून कड्यापर्यंत चालत जाऊन किनाऱ्याने थोडे फिरावे आणि परत येऊन चहा घ्यावा. हा फेरफटका लहान असला, तरी त्याला दुय्यम समजू नये, कारण या गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट स्टीफन हॉकर नावाचे कवी येथे धर्मगुरू होते. फुटलेल्या जहाजांच्या लाकडांतून त्यांनी कड्याच्या उतारावर बांधलेली झोपडी आजही उभी आहे आणि नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यातील ती सर्वांत लहान वास्तू आहे. आत बसून कविता लिहाव्यात आणि समुद्र न्याहाळावा, असा त्यांचा परिपाठ होता. किनाऱ्याला लागलेली बुडालेल्या खलाशांची प्रेते वर आणून चर्चच्या आवारात रीतसर पुरण्याचा त्यांचा आग्रह असे. १८४२मध्ये फुटलेल्या ‘कॅलेडोनिया’ या जहाजाच्या नाळेवरील, म्हणजे पुढच्या टोकावरील, मूर्ती त्या खलाशांच्या थडग्यावर बसवली होती; आता मूळ मूर्ती चर्चमध्ये असून बाहेर तिची प्रतिकृती आहे. चहाच्या घाईत हे चुकवू नये.

वेळेचे म्हणाल, तर मेअखेरीस तेथे रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, आणि याच उजेडामुळे फसगत होते, कारण बाहेर लख्ख ऊन असताना अशा छोट्या बागा चार-पाचच्या सुमारास आवरायला घेतात. काही ठिकाणे आठवड्यातील ठरावीक दिवशीच उघडी असतात, म्हणून आदल्या दिवशी दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. मे महिन्याचा शेवटचा सोमवार तेथे सार्वजनिक सुटीचा असतो, त्या दिवशी व आसपास गर्दी होते. चहा मिळेलच असे गृहीत धरून रिकाम्या पिशवीने निघू नये. पाणी आणि थोडा खाऊ जवळ असावाच. सह्याद्रीत पावसाळ्यात वापरतो तसे घट्ट पकडीचे बूट, वाऱ्यापावसासाठी हलके जाकीट आणि थोडी रोख रक्कमही घ्यावी, कारण खेड्यात कार्डाने पैसे घेणाऱ्या यंत्राला नेटवर्क असेलच असे नाही. कड्याच्या अगदी कडेला उभे राहून छायाचित्रे काढण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तेथील कडा ढासळतात. अडचण आल्यास ९९९ क्रमांकावर कोस्टगार्डची मदत मागता येते.

प्रश्न : अशा बागांमध्ये ‘क्रीम टी’ मागवतात असे ऐकतो. आम्ही अंडे खात नाही, तर त्यात अंडे असते का? आणि आपल्यासारखा चहा मिळतो का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : क्रीम टी म्हणजे चहाची किटली, स्कोन नावाचे मऊ पाव, जॅम आणि क्लॉटेड क्रीम. हे क्रीम मंद आचेवर बराच वेळ तापवून निववतात, तेव्हा आपल्याकडील म्हशीच्या दुधावर धरते तशी जाड, पिवळसर साय वर येते. कॉर्निश क्लॉटेड क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश असावाच लागतो, त्यामुळे दोघांत एकच ताट मागवणे शहाणपणाचे. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर क्रीम लावतात, शेजारच्या डेव्हनमध्ये उलट, आणि या वादात पाहुण्याने पडू नये.

अंडे क्रीममध्ये नसते. स्कोनच्या पिठात मात्र ते काही ठिकाणी घालतात, आणि भाजण्यापूर्वी वरून चकाकीसाठी फेटलेले अंडे फासण्याची पद्धतही बरीच रूढ आहे. ‘शाकाहारी’ एवढेच सांगितल्याने तेथे अंडे वगळले जात नाही. पिठात किंवा वरून अंडे लावले आहे का, असे वेगळे विचारावे लागते. लावले असल्यास जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, चीज घालून मिळतो का ते पाहावे.

आले घालून उकळलेला चहा मिळण्याची आशा ठेवू नये. किटलीत गरम पाणी आणि चहापत्ती असते, दूध व साखर वेगळी येते. तीन-चार मिनिटे चांगला उतरू द्यावा आणि दूध बेताने घालावे, म्हणजे आपल्या जिभेला तो पुरेसा कडक लागतो.