चेटूक सोडलेल्या चेटकिणीची प्रेमकथा नाशिकमध्ये घडवायची आहे. ती इंग्रजी पुस्तकांची नक्कल वाटू नये म्हणून काय करू?

नायिकेनं चेटूक सोडलंय, ती कॉलेज रोडला कॅफे चालवते आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर तिचा जीव जडतो, एवढं तुम्ही लिहिलंय. तिनं नेमकं काय केलं होतं आणि का सोडलं, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. सगळी गोम तिथंच आहे.

विलायती चेटकीण सुधारते म्हणजे शाप द्यायचे बंद करून औषधी चहा विकायला लागते. तिकडच्या वाचकाला ते गोड वाटतं. आपल्याकडे भुताळीण ठरवून एखाद्या बाईला मारहाण झाल्याची बातमी आपल्याच जिल्ह्यात वाचायला मिळते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा आळ घेऊन तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. त्यामुळे तुमच्या नायिकेला चेटकीण असल्याची लाज वाटायला लावू नका. लाज वाटू द्या ती एका ठरावीक कृत्याची.

एक वशीकरण पुरे. समजा, तिनं पैसे घेऊन एका मुलाचं मन दुसऱ्या मुलीकडे वळवलं. आज त्याच दोघांचा सिडकोत संसार आहे, पोरं शाळेत जातात, हप्त्यावर घेतलेलं घर आहे, सगळं सुरळीत. उतारा तिला येतो. पण तो करायचा का? आणि न करता गप्प बसणं म्हणजे त्या माणसाला रोज नव्यानं फसवणं नाही का? अशी बाई स्वतः प्रेमात पडली की तिची खरी पंचाईत होते. हा आपणहून माझ्याकडे बघतोय, की माझ्याकडूनच नकळत काही झालंय? हा संशय शेवटपर्यंत मिटू देऊ नका. प्रेमकथा त्याच्यावरच चालेल.

नायक म्हणून तो भाडेकरू मला फिका वाटतो. त्याला अंनिसचा कार्यकर्ता करा की! शाळाशाळांतून हळद-चुन्याचं लाल पाणी करून दाखवणारा, नारळातून निघणाऱ्या ‘करणी’ची पोलखोल करणारा, सज्जन, जरासा कंटाळवाणा, स्कूटरच्या डिकीत कायम पत्रकं. ही बिचारी जीव मुठीत धरून त्याला खरं सांगते, आणि तो समजुतीच्या सुरात म्हणतो, “अगं, मग करून दाखव ना. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला आमच्याकडून 21 लाख आहेत.” तिनं तर शपथ घेतलीय. दाखवावं तर शपथ मोडते, न दाखवावं तर खोटी ठरते. इथं विनोद आपोआप होतो, ओढूनताणून आणावा लागत नाही.

आता नाशिक. शूर्पणखेला कृपा करून हात लावू नका. नाशिक आणि मायावी बाई म्हटलं की पहिली तीच सुचते, आणि तीच सगळ्यांना सुचते. त्यापेक्षा जुन्या नाशकातल्या रहाडी घ्या. जमिनीतले हे पेशवेकालीन हौद वर्षभर झाकलेले असतात, वरून वाहनं जातात, बाहेरच्याला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीच्या आधी रहाड उघडायची, पूजा करायची, रंग कालवायचा, मग माणसं धपाधप उड्या मारतात. त्याला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला.

फँटसी लिहिणाऱ्याला आयतं मिळालेलं घबाड आहे हे! शपथ घेताना तिनं आपलं सगळं सामान रात्रीच्या वेळी रहाडीत पुरलं असेल तर? आणि यंदा काही कारणानं तिला ते उघडण्याआधी काढता आलं नाही तर? त्या पाण्यात वशीकरण उतरलंय आणि अख्खी गल्ली धप्पे मारतेय. तांबटाचा मुलगा, सराफाची सून, बंदोबस्ताचा हवालदार, एकमेकांशी वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोन शेजारी. हा प्रसंग ऐन मध्यावर ठेवा आणि चांगला वीस-पंचवीस पानं चालू द्या.

गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुतीही वापरता येईल. पूर किती आला हे नाशिककर त्याच्यावरूनच सांगतात, गुडघ्याला, कमरेला, छातीला. पण तो पावसाळ्यातल्या एखाद्या प्रकरणापुरताच ठेवा, नाहीतर पर्यटन खात्याचं माहितीपत्रक व्हायचं. पांडवलेणी, द्राक्षं, मिसळ यांचंही तेच.

भाषेचं एकच सांगतो. तिच्या तोंडी संस्कृताळलेले मंत्र नकोत. वाड्यातल्या काकू दृष्ट काढताना जे पुटपुटतात, आल्यागेल्याची, पापी चांडाळाची, तो सूर धरा.

सिडकोतल्या त्या नवऱ्याला शेवटी खरं सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. मी असतो तर सांगून टाकलं असतं. आमची ही म्हणते, सांगायचं त्याच्या बायकोला, आणि मग तिनं ठरवायचं. बघा, मला आता तेच जास्त पटायला लागलंय.