पिट्सबर्गला येताय, तर त्या भिंतीपाशी जाऊन या

नवऱ्याला अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये नोकरी लागलीय, मुलगा चौथीत आहे, तो तिथं रुळेल का आणि माझं काय होईल, असं तुम्ही विचारलंत. विमा, भाडी, व्हिसाचे प्रकार सरकारी पानांवर मिळतील, ते लिहीत नाही. तुमचा प्रश्न वाचून मला भलतंच आठवलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

कागदांचं एकच सांगते. मी 2006 मध्ये एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, आले. तेव्हा या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नाही. गाडीच्या परवान्यासाठी मात्र तो हवा, नाहीतर ‘हिला नंबर मिळू शकत नाही’ असं पत्र हवं. म्हणजे नकार मिळवायला अर्ज! एका खिडकीवर म्हणाले पत्र जुनं झालं, दुसरीवर विचारलं तुमच्या नावात मधे नवऱ्याचं नाव कशाला. चार खेपा घातल्या. एम.कॉम. झालेली बाई स्वतःच्या अपात्रतेचा दाखला पर्समध्ये घेऊन बर्फात बसची वाट बघतेय, हे आठवून आता हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

एकटेपणा असतो. फेब्रुवारीत जरा जास्त. त्याला फार लाडावून ठेवू नका.

मुलाचं मात्र नीट ऐका. शाळेच्या अर्जात घरची भाषा विचारली होती, मी ऐटीत मराठी लिहिलं. झालं! इंग्रजी माध्यमातून आलेल्या पोराला वर्षभर इंग्रजी शिकायला वेगळ्या खोलीत बसवलं. पण त्याहून डाचतं ते पुढच्या वर्षीचं. ‘आपल्या परिसराचा इतिहास’ असा प्रकल्प होता. आम्ही पिट्सबर्गच्या ओकलंड भागात, विद्यापीठापाशी राहायचो. घराजवळ विटांची, वेलींनी भरलेली एक भिंत होती, पुढेमागे काही नसलेली. फोर्ब्स फील्ड या बेसबॉलच्या मैदानाची ती सीमाभिंत. मैदान 1909 ते 1970 चाललं, मग पाडून तिथं विद्यापीठाच्या इमारती झाल्या. होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिच्या शेजारी उभा राहतो ती पाटी, आता विद्यापीठाच्या एका इमारतीत जमिनीत काचेखाली आहे. तिच्यावरून पोरं वर्गाला पळतात. माझा मुलगा तिथं चप्पल काढायला निघाला होता.

त्यानं विषय घेतला, शहरातली बेसबॉलची मैदानं. वाचनालयातून पुस्तकं आणली. 1935 मध्ये बेब रूथ या नामांकित खेळाडूनं कारकिर्दीतले शेवटचे तीन होमरन, म्हणजे आपल्याकडचे षटकारच, याच फोर्ब्स फील्डवर एका दिवसात मारले, हे मला जेवताना तीनदा सांगितलं. हिल डिस्ट्रिक्टमधलं ग्रीनली फील्ड त्यानंच शोधलं. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगची दारं बंद होती, तेव्हा गस ग्रीनली या काळ्या मालकानं 1932 मध्ये आपल्या क्रॉफर्ड्स संघासाठी ते बांधलं. सॅचेल पेज, जॉश गिब्सन तिथं खेळले. 1938 मध्ये ते पाडून सरकारी घरं झाली. नदीकाठचं थ्री रिव्हर्स मैदान तर काँक्रीटचं गोल भांडंच. 2001 मध्ये सुरुंग लावून काही सेकंदांत खाली आणलं. त्याच वर्षी शेजारी पीएनसी पार्क हे नवं मैदान उघडलं. तिथली उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे, कारण पिट्सबर्गच्या पायरेट्स संघातल्या रोबर्टो क्लेमेंटेच्या जर्सीचा नंबर 21. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेला हा खेळाडू 1972 च्या शेवटच्या दिवशी विमान कोसळून गेला.

बाईंनी गोड हसून सांगितलं, “हे बाकीची मुलं करतील, तू तुझ्या देशाचं कर ना.”

आणि मी? मी म्हटलं, बाई बरोबर सांगतायत, रायगड कर. मजकूर मीच लिहिला, चित्रंही मीच चिकटवली. तो एवढंच म्हणाला, “आई, रायगडावरही नुसती जोतीच आहेत ना? मग ही भिंत का नको?” मी म्हटलं, वाद घालू नकोस. रायगडाला पैकीच्या पैकी मिळाले. नंतर त्यानं मला बेसबॉलबद्दल काही सांगितलं नाही. तो हे शहर आपलं करत होता आणि माझ्या पोटात खड्डा पडत होता, हे मला कळलं तोवर तो दुसऱ्या गावी नोकरीलाही लागला होता.

13 ऑक्टोबर 1960 ला वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेतल्या निर्णायक सामन्यात पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीनं शेवटच्या डावात होमरन मारून न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला 10-9 हरवलं, तो चेंडू फोर्ब्स फील्डच्याच डावीकडच्या भिंतीवरून गेला. 1985 मध्ये एक जण एकटाच त्या उरलेल्या भिंतीपाशी बसून त्या सामन्याचं रेडिओ समालोचन टेपवर ऐकू लागला. आता दरवर्षी गर्दी जमते. टेप एक वाजता लावतात, म्हणजे होमरन बरोबर तेव्हाच्याच वेळी, 3:36 ला येतो. पोरगा दरवर्षी चल म्हणायचा, मी स्वयंपाकाचं निमित्त काढायचे. गेल्या वर्षी एकटी गेले. तिथून त्याला फोन लावला. त्यानं विचारलं, “झेंड्याच्या खांबाच्या कुठल्या बाजूला उभी आहेस?” मी सांगितलं. म्हणाला, “थोडी डावीकडे सरक.”

तुमचं येणं ऑक्टोबरच्या आधी झालं तर मुलाला घेऊन या. बसायला घडीची खुर्ची घरून आणा. तिथं मिळत नाही. डबा मी आणीन.